‘तुमचं लॅसिक होणार नाही’

चौथीत मायनस पाऊणचा चष्मा लागला आणि कॉलेज संपेपर्यंत नंबर मायनस सहावर जाऊन एकदाचा थांबला. डाव्या डोळ्याला सहा, उजव्याला साडेपाच आणि वर थोडा सिलिंड्रिकल. घर डोंबिवलीत, ऑफिस फोर्टला. लेन्स लावल्या तर दिवसभराचा एसी आणि लोकलच्या दारातली धूळ यांनी संध्याकाळी डोळे लालभडक. चष्मा लावला तर पावसाळ्यात एसी लोकलमधून उतरल्या उतरल्या काचांवर वाफ, आणि मागून बायकांचा लोंढा. त्यात गिरगावातल्या ढोलपथकात मी गेली काही वर्षं ढोल वाजवते. चष्म्याला दोरी बांधून, घामाने घसरणारी फ्रेम खांद्याने वर ढकलत वाजवणं काय असतं ते पथकातल्या चष्मेवाल्यांनाच विचारा.

त्यामुळे ‘चष्म्याला कायमचा रामराम’ छापाची, लेझरने नंबर घालवणाऱ्या लॅसिकसारख्या ऑपरेशनची जाहिरात दिसली की मी थांबून वाचायचेच. अशाच एका सेंटरच्या रविवारच्या मोफत तपासणीला गेले. नाव सांगत नाही. मशीनमध्ये हनुवटी टेकवली, आतला रस्त्याच्या टोकाचा फुगा पाहिला, अक्षरं वाचली. मग एका चकाचक केबिनमध्ये टाय लावलेल्या मुलाने मला ‘एकदम फिट’ ठरवून टाकलं. डॉक्टर दिसलेच नाहीत. त्याच्याकडे तीन पॅकेजं होती. ब्लेडने कापायचं लॅसिक स्वस्त, फेम्टो लेझरने कापायचं मधलं, स्माइल नावाचं सगळ्यांत महाग. आज अ‍ॅडव्हान्स भरला तर सवलत. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेची जाडी कधी मोजणार, असं विचारलं तर म्हणाला, ‘मॅम, ते सगळं ऑपरेशनच्या दिवशीच होऊन जातं.’ मी त्या सकाळीही लेन्स लावून बाहेर पडले होते आणि तिथे केसपेपर काढताना फक्त काढून डबीत ठेवल्या होत्या. त्याबद्दल कुणी एका शब्दाने विचारलं नाही. त्याचा अर्थ काय, हे मला नंतर कळलं. अ‍ॅडव्हान्स मात्र भरला नाही. ‘आजच्या आज’ म्हणणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, हा आईने घालून दिलेला नियम साडीच्या सेलपासून सगळीकडे चालतो.

दादरला हिंदू कॉलनीत माझी मावशी राहते. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ज्यांनी केलं त्यांनी एका कॉर्नियाच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. तिथे अपॉइंटमेंटसाठी फोन केला तर रिसेप्शनवरच्या बाईंचा पहिला प्रश्न: ‘लेन्स वापरता का? मग किमान आठवडाभर बंद करा आणि मगच या. कडक लेन्स असतील तर दोन-तीन आठवडे.’ लेन्स कॉर्नियावर बसून बसून त्याचा आकार थोडा बदलतो. तो मूळपदावर यायच्या आत मोजमाप घेतलं तर नंबरही चुकतो आणि कॉर्नियाच्या आकाराचा नकाशाही. दुसरी सूचना, सोबत कुणीतरी आणा, बाहुली मोठी करणारे थेंब घालणार आहेत.

तपासणीत अख्खी सकाळ गेली. यंत्रातून चष्म्याचा नंबर, मग माणसाने काढलेला नंबर, मग थेंब घालून पुन्हा नंबर. खालच्या पापणीच्या आत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं. ती किती मिलिमीटर ओली होते त्यावरून डोळ्यात पाणी पुरेसं आहे की नाही ते कळतं. ऑपरेशननंतर डोळे कोरडे पडतात, कारण कॉर्नियातल्या बारीक नसा त्यात कापल्या किंवा पुसल्या जातात. मुळात कोरडा असलेला डोळा मग फार त्रास देतो. माझी पट्टी काठावर पास झाली. मग पेंटाकॅम. निळ्या उजेडाकडे टक लावून बघायचं, पापणी लववायची नाही, कॅमेरा आत गोल फिरतो, दोन सेकंदांत काम खलास. स्क्रीनवर माझ्या कॉर्नियाचे रंगीत नकाशे उमटले, पुढचा भाग, मागचा भाग, जाडी. लाल म्हणजे जास्त उंच किंवा जास्त वक्र, निळं म्हणजे सपाट.

डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, आवाज शांत, बोलणं मोजकं. नकाशे बराच वेळ पाहून म्हणाल्या, ‘आकार चांगला आहे, केरॅटोकोनस नाही, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा पुढे आलेला नाही. पण तुमचं लॅसिक होणार नाही. म्हणजे मी करणार नाही.’

आणि मग त्यांनी केसपेपरच्या पाठीवर वजाबाकी मांडली. तो कागद मी अजून ठेवलाय. कॉर्नियाची जाडी साधारण 540 मायक्रॉन असते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. माझी 492. लॅसिकमध्ये आधी वरचा पातळ पापुद्रा कापून बिजागरीवर उघडल्यासारखा बाजूला करतात. त्याला फ्लॅप म्हणतात. तो सुमारे 110. मग खालच्या थरावर लेझर. एक नंबर घालवायला ढोबळमानाने 12 ते 15 मायक्रॉन भाग उडवावा लागतो. मायनस सहाला धरा 90. आणि फ्लॅप परत बसवला तरी तो पूर्वीसारखा भार पेलत नाही, म्हणून तो हिशेबातून गेलाच. 492 वजा 110 वजा 90, उरले 292.

‘पुस्तकात 250 उरले तरी चालतं म्हणतात,’ त्या म्हणाल्या, ‘मला 300 च्या वर लागतात. तुम्ही अठ्ठावीस वर्षांच्या. हा कॉर्निया अजून पन्नास वर्षं टिकायला हवा.’ फार पातळ झालेला कॉर्निया डोळ्याच्या आतल्या दाबाने हळूहळू पुढे फुगत जाऊ शकतो, आणि मग नुसता चष्मा लावून काम भागत नाही.

स्माइलमध्ये फ्लॅप नसतो ना, असं मी अभ्यास करून आल्यासारखं विचारलं. त्यात छोट्या चिरेतून आतली चकती काढून घेतात, पण माझ्या जाडीला त्याही वाटेने जायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी सुचवलं पीआरके. ना पापुद्रा, ना चकती. कॉर्नियाच्या सगळ्यांत वरची सुमारे 50 मायक्रॉनची नाजूक कातडी तेवढी पुसून काढायची, उघड्या पडलेल्या भागावर लेझर मारायचं, वर लेन्सची पट्टी ठेवायची. कातडी पुन्हा आपली आपण उगवते. 492 वजा 50 वजा 90, उरले 352, आणि वर नवी कातडी येते ती वेगळीच.

‘मग सगळे हेच का करत नाहीत?’

‘दुखतं म्हणून. आणि लॅसिकवाल्याला दुसऱ्या दिवशी दिसतं, तुम्हाला नीट दिसायला आठवडे लागतील. जाहिरातीत ते बरं दिसत नाही.’

पीआरके हे लॅसिकपेक्षा जुनं. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, त्याला 1995 साली मान्यता दिली. मूळ शोधाची गोष्ट मला त्या रात्री वाचायला मिळाली आणि भलतीच आवडली. रंगस्वामी श्रीनिवासन हे मद्रासमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. 1981 च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं हाड-मांस ते प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि त्यावर 193 नॅनोमीटरचं एक्सायमर लेझर सोडून बघितलं. आजूबाजूचं काही न जळता, न करपता स्वच्छ खाच पडली. या लेझरची उष्णता आत झिरपत नाही, ते रेणूंमधले बंधच तोडतं. दोन सहकाऱ्यांसोबत केलेल्या या कामावर पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी अख्खं शास्त्र उभं केलं. आपल्याकडे उरलेल्या जेवणाची फोडणीची पोळी होते, तिकडे हे झालं.

लगेच तारीख मिळाली असती तर गोष्ट सोपी होती. पण मोठ्या केलेल्या बाहुलीतून डोळ्यामागचा पडदा बघताना मॅडमना उजव्या डोळ्यात कडेला काहीतरी खटकलं आणि त्यांनी मला पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे कळलं की पडद्याचा काठ एका ठिकाणी विरळ झालाय आणि त्यात एक बारीक भोक आहे. मला त्याचा काडीचा त्रास नव्हता. पण त्यातून पाणी मागे शिरलं तर पडदा सुटू शकतो. त्यामुळे नंबरच्या लेझरआधी हे दुसरं लेझर, बॅरेज. बसल्या बसल्याच करतात. बधिर केलेल्या डोळ्यावर जेल लावलेली जाड काच दाबून धरतात आणि हिरव्या उजेडाचे ठोके भोकाभोवती देत जातात. काही ठोके कळतही नाहीत, काही डोळ्याच्या पार मागे, कवटीत ठणकल्यासारखे लागतात.

त्या डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट तोवर कुठल्याच जाहिरातीत वाचली नव्हती. मायनस नंबर येतो तो बहुतेक वेळा डोळा लांब झाल्यामुळे. नेहमीचा डोळा पुढून मागे 24 मिलिमीटरच्या आसपास, माझा 26 च्या वर. त्या लांबीमुळे पडदा ताणला जातो. लेझर काय करतं, तर पुढची काच सपाट करतं, म्हणजे प्रतिमा बरोबर पडद्यावर पडते. डोळा लांबच्या लांबच राहतो. ‘नंबर जाईल, पण पडद्याच्या दृष्टीने तुम्ही आयुष्यभर मायनस सहाच,’ ते म्हणाले. अचानक काळे ठिपके वाढले, उजेडाच्या चमका दिसल्या किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं अंधारलं, तर त्याच दिवशी यायचं. आणि एरवी वर्षातून एकदा तपासणी.

मधल्या काळात घरात चर्चासत्रं झडली. आत्याचं मत, ‘इतकी वर्षं चाललंय की, आता कशाला डोळ्याशी खेळ?’ बाबांचा मुद्दा जास्त वजनदार निघाला. त्यांना मायनस तीन. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही पेपर वाचताना ते चष्मा काढून ठेवतात. ‘ही चैन तुला मिळणार नाही,’ म्हणाले. मॅडमना विचारलं तर त्यांनीही मान डोलावली. लांबचा नंबर शून्य केला की चाळिशीनंतर जवळचा चष्मा ठरलेला, कारण तेव्हा कडक होतं ते डोळ्यातलं भिंग, त्याला हे लेझर शिवतही नाही. आहे हे कबूल, म्हटलं. बारा वर्षं तर बारा वर्षं.

पैशांचं म्हणाल, तर ऑफिसच्या मेडिक्लेमने हात वर केले. पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं होतं, साडेसातपेक्षा कमी नंबर असेल तर दृष्टी सुधारण्याचा खर्च मिळत नाही. सहा म्हणजे धड ना कमी, ना जास्त. बोनस आला होता, तो गेला.

ऑपरेशन डिसेंबरात, म्हणजे गणपती-नवरात्र उरकून आणि उकाडा नसताना. आदल्या रात्री केस धुतले, कारण पुढे काही दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नव्हतं. काजळ नाही, क्रीम नाही, सेंट तर अजिबात नाही. सेंटचं कारण मला वाटलं निर्जंतुकपणाचं असेल. तर नाही. हवेतली अल्कोहोलची वाफ लेझरच्या किरणात गडबड करू शकते. मावशी सोबत होती, तिचं अत्तर तिला बाहेरच्या बाहेर पुसायला लावलं, ते तिला आवडलं नाही.

आतली खोली गार. टोपी, थेंब, पुन्हा थेंब. डोळा बधिर झाला की पापण्या उघड्या ठेवणारी तारेची क्लिप लागते. तिचा ताण जाणवतो, दुखत नाही. डोळ्यावर एक बारकं कडं ठेवून त्यात पातळ केलेलं अल्कोहोल सोडलं, मॅडमनी सेकंद मोजले, ते टिपून घेतलं आणि एका बोथट हत्याराने वरची कातडी बाजूला सारायला सुरुवात केली. हे मला स्वतःला दिसत होतं. म्हणजे हत्यार दिसत नाही, पण वरचा हिरवा ठिपका तोवर टोकदार होता, तो प्रत्येक फटकाऱ्यासरशी पसरत, विस्कटत गेला. ‘हिरव्याकडेच बघा.’ हिरवं आता एक ठिपका नव्हतं, खोलीभर पसरलेला उजेड होता, त्याच्या मध्याकडे बघत राहिले. मग टकटकटक असा कोरडा आवाज आणि केस जळल्याचा वास. जळत काही नसतं हे वाचलं होतं, तरी वास नाकात बसतोच. मशीन डोळ्याच्या हालचालीमागे जातं, फार हललात तर थांबतं, असं आधीच सांगून ठेवलेलं, त्याचा धीर होता. ‘पन्नास टक्के... ऐंशी... झालं.’ मिनिटसुद्धा लागलं नसेल. नंतर डाग पडू नये म्हणून मायटोमायसिन या औषधाचा बोळा थोडा वेळ ठेवला आणि बर्फगार पाण्याने डोळा धुतला. ते पाणी इतकं गार की माझी पावलं टेबलावर आखडली. शेवटी पट्टीसारखी एक मऊ लेन्स. मग डावा डोळा, पुन्हा तेच सगळं.

उठून बसले तर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसत होते. धुरकट, पण चष्म्याशिवाय. मला वाटलं, एवढ्यासाठी मॅडमनी मला इतकं घाबरवलं होतं?

तर त्या रात्री बधिरपणा उतरला.

डोंबिवलीपर्यंत न जाता मावशीकडेच मुक्काम ठेवला होता. सगळ्यांना तेच सांगेन, पीआरके करणार असाल तर दवाखान्याजवळ कुणाचं तरी घर गाठा. दुसरा दिवस आणि तिसरा दिवस म्हणजे मिरच्या चिरलेला हात डोळ्यात गेलाय आणि धुताच येत नाहीये. पाणी सतत वाहतं, नाकही वाहतं, उजेड नको होतो. खिडकीला मावशीने दोन चादरी लावल्या. दुखण्याच्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या, दुखायला लागल्यावर नाही, हे मॅडमनी बजावलं होतं. अँटिबायोटिकचे थेंब, स्टेरॉइडचे थेंब, अश्रूंसारखे गार थेंब, प्रत्येकाची वेळ वेगळी, दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं. मावशीने फ्रिजवर तक्ता चिकटवला आणि फोनला गजर लावले.

‘अगं, वर बघ. वर म्हणजे छताकडे, माझ्याकडे काय बघतेस?’

‘मावशी, गालावर पडला.’

‘पडू दे. माझ्या मोतीबिंदूला दुसऱ्या दिवशी मी मालिका बघितली होती. तुमचं तरुणांचं सगळंच अवघड.’

झोपताना डोळ्यांवर प्लास्टिकच्या वाट्या चिकटवायच्या, झोपेत हात जाऊ नये म्हणून. चोळायचं नाही, हे सगळ्यांत कठीण.

चौथ्या दिवशी दुखणं ओसरलं आणि दिसणं मात्र आणखी बिघडलं. हे आधी माहीत नसतं तर मी रडले असते. काठांकडून वाढत येणारी नवी कातडी बरोब्बर मधोमध येऊन जुळते, नजरेच्या समोरच, आणि तिथे काही दिवस शिवण राहते. लेन्स काढल्यावर तक्त्यावरच्या मधल्या ओळी कशाबशा वाचल्या. ‘छान,’ मॅडम म्हणाल्या. मला काही छान वाटलं नाही.

पुढचे आठवडे कंटाळवाणे होते. घरून काम, स्क्रीनवरची अक्षरं दीडपट मोठी, दुपारपर्यंत डोळे थकलेले. सकाळी दिसतं ते संध्याकाळी दिसत नाही. ऑफिसला जायला लागले तेव्हा दवाखान्यातल्या तक्त्यापेक्षा माझा भरवसा स्टेशनवरच्या इंडिकेटरवर जास्त बसला. आधी वेळ नुसती लाल धग. मग आकडे, पण प्रत्येकाला शेजारी एक फिकट जुळा. मग एके दिवशी जिन्यावरूनच कळलं की येतेय ती ठाण्याची आहे, धावायची गरज नाही. डाव्या डोळ्याचे जुळे आधी गेले, उजव्याने ताटकळत ठेवलं. रात्रीच्या हेडलाइटभोवती कडी दिसायची, ती उन्हाळ्यापर्यंत विरत गेली. दिवसा बाहेर पडताना गॉगल सक्तीचा, कारण कडक ऊन लागलं तर बऱ्या होणाऱ्या कॉर्नियावर धुरकट डाग धरू शकतो. लोकलच्या बायकांच्या डब्यात सकाळी साडेआठला गॉगल घालून उभं राहिलं की कोपरखळ्या मिळतात, त्या खाल्ल्या. होळी त्या वर्षी खिडकीतून.

मध्येच एकदा डोळ्याचा दाब वाढलेला निघाला. स्टेरॉइडच्या थेंबांनी काहींचा वाढतो. गंमत अशी, की लेझरनंतर पातळ झालेल्या कॉर्नियावर दाब मोजला तर आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो. म्हणजे दिसायला थोडासा वाढलेला दाब प्रत्यक्षात त्याहून जास्त. मॅडमनी थेंब बदलून सौम्य दिले आणि दाब उतरला. थेंब मनाने बंद करायचे नाहीत, मनाने चालू तर त्याहून ठेवायचे नाहीत, एवढं मात्र डोक्यात पक्कं बसलं. नेमून दिलेल्या तपासणीला गेले नसते तर हे कळलंच नसतं, कारण दाबाला दुखणं नसतं.

आता डावा डोळा 6/6, उजव्यात पाव नंबर राहिलाय, तो चष्म्याच्या लायकीचा नाही. पर्समध्ये गार थेंबांची बाटली असते, एसीत बसलं की लागते. गणपतीत ढोल वाजवला, गुलालापासून डोळे वाचवायला नंबर नसलेला प्लास्टिकचा गॉगल लावून, आणि पथकातल्या मुलींनी त्यावरूनही पिडलं.

ऑपरेशनआधीचे नकाशे, जाडी, वक्रता, जुना नंबर, सगळ्याच्या प्रती मॅडमनी मागितल्याशिवाय हातात दिल्या. कधीतरी म्हातारपणी मोतीबिंदू होईल, तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना डॉक्टरांना हे आकडे लागतील, कारण लेझर झालेल्या डोळ्यावर नेहमीचं गणित चुकतं. ती फाइल आईने घराच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवलीय. पडद्याची वर्षाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी बाहुली मोठी करणार, दुपारभर जवळचं काही वाचता येणार नाही, म्हणून सुट्टी टाकलीय आणि मावशीला जेवायला येते म्हणून कळवलंय.